मुकादम सर आणि आबांचा तरवा

मुकादम सर कधी बसून जेवले नाहीत. शाळेत शिक्षकांच्या खोलीत हातात भाकरी घेऊन ते येरझारा घालायचे आणि जाता जाता दुसऱ्याच्या डब्यात डोकावायचे. "बाई, आज बांगडा? म्हणजे शेवाळापासून माशापर्यंत चार हात फिरून आलेलं ऊन. प्रत्येक हाती बरंचसं सांडतं. तुमच्यापर्यंत उरतं ते किती?" ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी, पण त्यांच्यापुढे मीही विद्यार्थीच.

एका उन्हाळ्यात मिरजोळ्याला माझे सासरे, आबा, राब भाजायच्या तयारीत होते. तरवा म्हणजे भाताची रोपं. ती जिथे वाढवायची तिथे पाला, शेण, फांद्या पसरून पेटवायच्या, हाच राब, ही आमची जुनी रीत. सर सायकलवरून आले आणि ते बघून कासावीस झाले. "आबा, पानांनी वर्षभर साठवलेलं ऊन तुम्ही तासाभरात जाळून टाकताय. किडामुंगीला, मातीला खाऊ द्या ते." आबा मानेनात. मग मीच गळ घातली. सुनेचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी अर्धा राब न भाजता ठेवला.

पेरणीनंतर भाजलेल्या अर्ध्यात रोपं तरारली, उरलेल्या अर्ध्यात तणच तण. घरात सात माणसं आणि वर्षाचं भात त्याच शेतातलं. सर रोज शाळा सुटली की यायचे, चिखलात गुडघे टेकून तण उपटायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकंच उगवलेलं. आबा बांधावरून म्हणाले, "मास्तर, तण काय पुस्तक वाचत नाय. त्याचं बी आगीनंच मरतं."

आमचा तरवा अपुरा पडला तेव्हा ज्यांची लावणी आटोपली होती त्यांच्या दारोदार सर फिरले. उरलेला तरवा मागणाऱ्याला नाही म्हणू नये, अशी आमच्याकडे पद्धत आहे. रोपांच्या जुड्या सायकलला बांधून त्यांनी आणल्या आणि शेत कसंबसं लागलं. तोवर लाजेनं मी आबांसमोर जायचं टाळत होते.

पुढे अन्नसाखळीचा धडा आला तेव्हा सरांनी आबांना थेट वर्गात नेलं. मी दाराशी उभी होते. सर म्हणाले, "मुलांनो, ऊर्जेचं गणित मला पाठ होतं, तण मी धरलंच नाही. मी चुकलो आणि यांचं शेत ओसाड पडायचं थोडक्यात राहिलं. राब का भाजतात ते आता हे सांगतील." आबा आधी अवघडले, मग अर्धा तास बोलत होते.

परतताना त्यांनी मला विचारलं, "ह्ये मास्तर सगळ्या पोरांसमोर चुकलो म्हणतात?"

"हो, म्हणतात."

आबा म्हणाले, "आमचे मास्तर सोताच चुकायचे नि मारायचे आमास. म्हणून तिसरीत शाळा सोडली मी."