झोळ्यातली डावी चप्पल

"एका चपलेनं कोनी घरी जाते काय गा?" वीज कंपनीतले जुने लाइनमन काका म्हणायचे, आणि खांबावर चढणाऱ्याची डावी चप्पल आपल्या खाकी झोळ्यात टाकायचे. काम संपलं की तो गडी लंगडी घालत त्यांच्याकडे परत यायचा. आमचे लाइनमन एरवी मोठे ऐटबाज. पण झोळ्यापुढे सगळ्यांची लंगडी. असा हट्टी म्हातारा तुम्हीही कुठेतरी पाहिला असेलच.

काटोलकडच्या लाइनवर मी तेव्हा नवा इंजिनियर होतो. काका मुख्य लाइनला खोड म्हणत आणि संत्र्यांच्या बागांकडे फुटणाऱ्या लाइनला फांदी. दोन्ही जोडते ती हातभर तार, जंपर. फांदीवर काम असलं की जंपर सोडायचा. काम झालं की मुख्य लाइन थोडा वेळ बंद करून पुन्हा जोडायचा, म्हणजे लाइन सुरू होताच फांदीतही वीज. पुस्तकात इतकंच होतं, आणि पुस्तक मला पाठ होतं.

मे महिन्यातली दुपार. पाच जण फांदीवर गेले होते. मुख्य लाइन बंद, गावागावांतून फोन. मुकादम म्हणाला, सगळे उतरले. मी काम संपल्याच्या कागदावर सही ठोकली.

"काका, जोडा जंपर."

त्यांचा हात झोळ्यातच. "एक चप्पल हाय ना साहेब."

"गेला असेल अनवाणी!"

"या उन्हात? डांबरावर?" असं हळूच म्हणून ते लाइनखालून चालू लागले. म्हाताऱ्याला अक्कल नाही, असं मी मुकादमाला मोठ्यानं ऐकवलं.

पाऊण तासानं दोघं आले. शेवटच्या खांबावर, झाडीआड, तो गडी सैल राहिलेला नट आवळायला पुन्हा चढला होता. काकांनी त्याच्यापुढे चप्पल टाकली. मला म्हणाले, "आता जोडतो." बस, एवढंच. सहीचा कागद मी खिशात चुरगळला. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात काका गेले. कळमन्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी आतून तो झोळा आणला. "साहेबाले देजो म्हणत होते."

घरी येऊन मी आत हात घातला, कोपरेसुद्धा चाचपले. झोळा रिकामा होता. सगळे खाली उतरले होते.