अक्का, अळू बेकु

त्या आठवड्यात मी समोर येईल त्याच्याकडे बघून हसत होतो. गेटवरच्या वॉचमनकडे, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याकडे, एटीएमच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीकडेसुद्धा, म्हणजे तो चुकून वळलाच तर आपली तयारी असावी. वॉचमनला वाटलं, मला पार्किंगची आणखी एक जागा हवी आहे. मी तोंड उघडायच्या आत त्याने "इल्ला सर, इल्ला" करून हात झटकले. रिक्षावाल्याने मागच्या सीटकडे बोट दाखवून बसा म्हटलं. मी स्वतःच्या स्कूटरवर होतो, याचं त्याला काही नव्हतं. लिफ्टमध्ये एक तरुण मुलगी दोन मजले आधीच उतरून जिन्याने गेली.

चौथ्या मजल्यावरच्या काकू मात्र उतरल्या नाहीत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे बंगळूरला आलेलं, माहेर-सासर दोन्ही मल्लेश्वरमचं, आता मुलाकडे महादेवपुऱ्यात राहतात. त्यांचं मराठी ऐकताना शिळ्या भाकरीला ताजं लोणी लावल्यासारखं वाटतं. त्यांनी माझ्याकडे दोन मजले नीट बघितलं आणि विचारलं, "दाढ दुखती काय हो? लवंग धरा स्वल्प."

हे सगळं ऑफिसात ट्रेनिंग द्यायला आलेल्या एका बाईंमुळे. आमच्याकडे मधूनमधून कुणीतरी येऊन आम्हाला आनंदी करून जातं. या बाईंनी सांगितलं की हसू हे सर्दीसारखं असतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. घरात एकजण हसायला लागला की बाकीच्यांना हसावंच लागतं. सगळे मांडीवरच्या मोबाईलमध्ये बघत होते. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो, कारण माझ्या घरात बायको हसायची थांबली होती.

ती हसायची तेव्हा ते नुसतं हसणं नसायचं. आधी नाकातून एक फुर्रकन आवाज, मग डोळे मिटून मान मागे, आणि मग शेजारच्या माणसाच्या खांद्यावर थापटी. शेजारचा माणूस बहुतेक वेळा मी. बंगळूरला आल्यापासून माझा खांदा अगदी ठणठणीत होता, आणि त्याची मला काळजी वाटायला लागली होती.

आलो ते माझ्या नोकरीसाठी. तिने पुण्यातली तिची सोडली. इथे ती घरात बसून कुणाकुणाची चित्रं, पोस्टर करून द्यायची आणि दिवसभरात तिच्याशी बोलणारं माणूस म्हणजे पार्सल आणणारा. आता तिच्या जुन्या ऑफिसने तिला परत बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ती गेली की ती तिथे, मी इथे, आणि मधे महिन्यातून एकदा बस. "विचार करतेय," असं ती म्हणाली. माझी बायको विचार करतेय असं म्हणते तेव्हा विचार बहुधा करून झालेला असतो, फक्त मला कसं सांगायचं तेवढं राहिलेलं असतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. फ्रिज उघडायचो, काय हवंय ते आठवायचं नाही, बंद करायचो.

तर मी सोमवारी सकाळी उठल्या उठल्या तिच्याकडे बघून हसलो.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. गुड मॉर्निंग."

"काय सांडलंस?"

"काही सांडलं नाही गं."

"मग दूध उतू गेलंय," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दूध खरंच उतू गेलं होतं. मीच गॅसवर ठेवून हसायला आलो होतो.

मंगळवारी मी जेवताना हसलो. बुधवारी सकाळी तिने डाळ-भात पुढे ठेवला आणि स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "इथे साधं अळूसुद्धा मिळत नाही." इतक्या दिवसांत तिने केलेली ही एकच तक्रार माझ्या आवाक्यातली होती. तिला अळूचं फदफदं भयंकर आवडतं. कुणाच्यातरी लग्नाच्या पंक्तीत ती जिलबी सोडून तीनदा फदफदं घेणारी मुलगी, आणि मी तिला तिथेच पहिल्यांदा बघितलं. मी ठरवलं, अळू आणायचं, आपण स्वतः करायचं, आणि ताट पुढे ठेवताना हसायचं.

इथे माझ्या कन्नडविषयी थोडं सांगायला हवं. मी ते रिक्षात आणि दुकानात शिकलो. माझा नियम सोपा होता: वस्तूचं मराठी नाव घ्यायचं आणि पुढे 'बेकु' लावायचं. बेकु म्हणजे हवं. पुदिना बेकु म्हटल्यावर पुदिना मिळाला. मेथी बेकु म्हटल्यावर मेथी मिळाली. एवढ्या पुराव्यावर मी मित्रांना फोनवर सांगत असे की कन्नड म्हणजे काही विशेष नाही रे, आपलंच आहे.

गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली एक भाजीवाली अक्का बसते. तिला मी कधी हसताना बघितलं नव्हतं. भाव विचारला तरी ती जणू आपण तिच्या घरच्यांविषयी काही बोललो असं बघते. बुधवारी संध्याकाळी मी तिच्यापुढे उभा राहिलो, तीन दिवसांचा सराव होताच, तोंडभर हसलो आणि म्हणालो, "अक्का, अळू बेकु."

कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून ती थांबली. "एनु?"

"अळू, अळू," मी मोठ्याने म्हणालो. परक्या भाषेत ऐकू कमी येतं अशी माझी समजूत आहे.

"याके?"

याके म्हणजे का. भाजी कशाला हवी हे कुणी विचारतं का? पण मला वाटलं, बघा, हसण्याचा परिणाम! ही बाई चक्क गप्पा मारतेय. मी आणखी हसलो. "हेंडतिगे," म्हणालो. बायकोसाठी. "हेंडतिगे अळू तुंबा इष्टा." बायकोला अळू फार आवडतं.

अक्काने जुडी खाली ठेवली. मला वाटलं, अळू काढायला ठेवली.

"नाने माडतीनि," मी छातीला अंगठा लावून सांगितलं. मीच करणार. पुरुषाने स्वयंपाक करण्याचं तिला कौतुक वाटेल अशी माझी अपेक्षा. शब्द तिथे संपले, म्हणून पुढचं हातांनी केलं. अळू शिजलं की पळीने चांगलं घोटावं लागतं. मी डाव्या हाताने हवेतलं पातेलं गच्च धरलं आणि उजव्या मुठीने वरून दणादण घोटून दाखवलं. हसत हसत.

"होगि," अक्का म्हणाली. जा. माझा चेहरा बहुतेक तसाच हसरा होता, कारण ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज चढला होता. "होगि, होगि!"

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की अळू संपलंय, पण अक्काशी छान बोलणं झालं.

गुरुवारी मी घरूनच काम करत होतो. म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून बाल्कनीत येरझाऱ्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बायको भाजी आणायला खाली गेली होती. तिसऱ्या मजल्यावरून झाडाखालचं सगळं दिसतं, फक्त ऐकू येत नाही. अक्काने तिचे दोन्ही हात धरले होते. माझ्या बायकोचे हात, इथे, कुणीतरी धरले होते! अक्का काहीतरी म्हणाली, बायकोने मान हलवली, पालकाकडे बोट दाखवलं. अक्काने पालक दिला नाही, तिच्या गालाला हात लावला. आणि मग बायकोचे खांदे हलायला लागले.

हसतेय! मला इतका आनंद झाला की मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावलो. घरातली हाफ पँट, पायात एक तिची आणि एक माझी चप्पल. शेवटी लागली म्हणायची सर्दी. फक्त माझ्याकडून नाही, अक्काकडून. असो, आपण मोठं मन ठेवायचं.

जवळ गेल्यावर दिसलं की ती रडत होती. हुंदके देऊन, रस्त्यावर, पिशवी पायाशी टाकून. मी "अगं" म्हणून पुढे झालो तर मधे अक्का उभी राहिली. हातात पडवळ. चांगलं लांब, तिने ते माझ्या छातीवर रोखलं आणि जे बोलायला सुरुवात केली त्यातला एकही शब्द माझ्या नियमात बसत नव्हता. नारळवाला उठून उभा राहिला. स्कूटर थांबल्या. मी घाबरलो की हसतो, ही माझी जुनी खोड आहे. मी हसलो. नारळवाल्याने कोयता खाली ठेवून बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात कच्ची केळी निवडत असलेल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू पुढे आल्या. "निल्लि अक्का, स्वल्प थांब," असं एका वाक्यात दोन भाषा करून त्यांनी पडवळ खाली करवलं. दोघींचं बोलणं झालं. मग काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काय हो, काल येऊन हिला काय सांगितलं तुम्ही?"

"अळू मागितलं. अळू बेकु म्हटलं."

"अय्यो! अहो, भाजीला इकडं केसुविन एले म्हणतात. अळु म्हणजे रडणं की हो कन्नडात. रडणं पाहिजे म्हणून सांगितलं तुम्ही. का पाहिजे विचारली, तर बायकोसाठी म्हणाला. बायकोला रडणं फार आवडतं म्हणाला. आणि मीच करतो म्हणून..." काकू थांबल्या. त्यांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी धरलं आणि उजव्या मुठीने दणादण करून दाखवलं. "असं."

"ते घोटणं होतं, काकू. पळीने."

बायकोने ओढणीने नाक पुसलं. "घोटूनपण दाखवलंस?" ती म्हणाली. आवाज अजून ओला होता.

"फदफदं करायचं होतं तुझ्यासाठी."

"आणि हसत होतास?"

"हो म्हणजे, त्या ट्रेनिंगमध्ये..."

नाकातून फुर्रकन आवाज आला. मग मान मागे, डोळे मिटलेले, गालावर पाणी तसंच, आणि माझ्या खांद्यावर अशी थापटी बसली की मी टोमॅटोच्या ढिगावर कलंडलो. अक्काला वाटलं, पोरीला शेवटी धीर आला. "होडि, होडि!" ती ओरडली, म्हणजे मार, आणखी मार. काकूंनी तिला घोटण्याचा खरा अर्थ सांगितला. अक्काने पडवळ कपाळाला लावलं, आणि मग मी पहिल्यांदा तिचे दात बघितले. पुढचा एक नाही. ती हसली तसा नारळवाला हसला, त्याला तर काय झालंय तेही पूर्ण कळलं नव्हतं. स्कूटरवरचा एकजण हेल्मेटच्या आत हसत होता, काच धूसर झाली त्याची. मी मात्र टोमॅटो उचलत होतो आणि माझ्या तोंडावर, आठवडाभरात प्रथमच, हसू नव्हतं. मला तिच्या रडण्याचं काही कळत नव्हतं.

वर येताना जिन्यात मी विचारलं, "पण तू रडत का होतीस?"

"माझापण तुझ्यासारखाच घोळ झाला. ती म्हणाली, अळबेडम्मा. मला वाटलं, अळू नाही म्हणतेय. मी म्हटलं, पर्वागिल्ला, चालेल, पालक द्या. ती म्हणत होती, रडू नकोस गं बाई." ती एका पायरीवर थांबली. "मग तिने गालाला हात लावला. आणि मला खरंच आलं."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"घरात येत नव्हतं रे. तू सकाळ-संध्याकाळ दात काढून समोर. एवढ्या आनंदी माणसापुढे रडायला लाज वाटते."

"मी आनंदी नव्हतो," मी म्हणालो. "मी तर फ्रिज उघडून बघत होतो."

"मग तसं सांगायचं ना गाढवा," ती म्हणाली आणि पुढे चढायला लागली. जाणार की राहणार, याविषयी ती काहीच बोलली नाही. मी विचारलंही नाही; त्या जिन्यात ते विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती फोन घेऊन बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. बेडरूमची काचेची खिडकी बाल्कनीत उघडते. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो, वाळलेले काढून पुन्हा घालत होतो. आवाज येत नव्हता. ती खिडकीत पाठमोरी, मग वळली, आणि फोनवर बोलता बोलता हसली. काचेला कान लावून उपयोग नव्हता, म्हणून मी चेहरा वाचायचा प्रयत्न केला. आठवडाभर हसण्याचाच अभ्यास केला होता मी. पण नोकरी घेतानाही माणूस असाच हसतो आणि नाकारतानाही. कपड्यांचा चिमटा माझ्या हातात तुटला.

ती बाहेर आली. "नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

"का?"

"ते विचारू नकोस. मलाही नीट माहीत नाही. आणखी पाच मिनिटं बोलले असते तर हो म्हणून बसले असते." तिने रेलिंगवर हात ठेवले. "तिथला मॅनेजर सारखा म्हणत होता, परत विचार करा, मी आपली इथल्यासारखं सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणतेय. तर तो म्हणतो, अहो मॅडम, सॉरी कशाला म्हणताय, तुमची काय चूक?"

आणि तिच्या नाकातून आवाज आला. मला खूप काही विचारायचं होतं. म्हणजे कायमचं नाही की या वर्षापुरतं नाही, उद्या पश्चात्ताप झाला तर, माझ्यासाठी की अक्कासाठी. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. पण ती डोळे मिटून हसत होती, म्हणून मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून थांबलो, आणि तिचं पूर्ण सुरू झाल्याची खात्री झाल्यावर मग हळूच हसलो.