तीनपत्तीचा चेहरा
गणपतीत पत्त्यांचा नवा कॅट फोडला, की त्या प्लास्टिकच्या वासानं मला पेणला मामाच्या ओटीवरची एक दुपार आठवते. जहाजावरच्या कॅसिनोत पानं वाटणारा मामा सुट्टीवर आला होता आणि मला ब्लॅकजॅक शिकवत होता. पानांची बेरीज एकवीसच्या पुढं गेली की मेलो, एवढंच मला कळलेलं. माझे सोळा झाले आणि त्याचं दहा उघडं पडलं, तेव्हा मी तीनपत्तीत करतो तसा बेफिकीर चेहरा करून पान नको म्हणालो. मामा हसला. “वाटणारा तोंड बघत नाय रे. सतरा होईस्तोवर त्याला पान घ्यावंच लागतं. सोळावर तू पण घे. बहुतेक हरशीलच, पण जरा कमी वेळा.” परवा रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टर मामाचा रिपोर्ट वाचत होते. समोर मामा अगदी तसाच बेफिकीर चेहरा करून बसला होता. डॉक्टरांनी मान वर केलीच नाही.