पाय लागला म्हणून

"डू द फूट थिंग," साहेब म्हणाला आणि स्केट घातलेला उजवा पाय त्याने माझ्यासमोर पुढे केला. मागे चौदा-पंधरा जण स्टिकवर रेलून उभे. सगळे हसायला तयार. मी सोळा वर्षांचा. वाकलो. ग्लोव्ह काढून त्याच्या स्केटला हात लावला आणि तो हात छातीला लावला. हशा. मग शिट्टी वाजली आणि सराव सुरू झाला.

असं तीन महिने चाललं. आठवड्यातून दोनदा.

साहेब म्हणजे बाबांचा साहेब. अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा गोरा मॅनेजर. बाबा तिथे स्टोअरकीपर. नव्वदचं दशक संपत आलेलं. बाबांच्या कमरेला पेजर असायचा आणि तो वाजला की ते जेवता जेवता उठायचे. हाच साहेब अबू धाबीच्या रिंकवर मोठ्यांच्या आइस हॉकी टीमचा कॅप्टन. टीममधले दोघं-तिघं आपापल्या देशात पगारावर खेळून आलेले. मी ज्युनिअर टीममधला सगळ्यात वेगवान. मला वरच्या टीमबरोबर सरावाला घ्यायचं साहेबानेच ठरवलं, आणि आपल्या मुलाची जुनी स्केट्सही दिली. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. मलाही झालं, खोटं कशाला बोलू? मोसमाच्या शेवटी दुबईच्या टीमशी सामना होता. त्या यादीत माझं नाव लागावं, एवढंच मला हवं होतं.

ज्युनिअरमध्ये अंगाला अंग भिडवलं की फाउल. मोठ्यांमध्ये खेळच तो. पहिल्या दिवशी पक, म्हणजे आमची ती रबरी चकती, माझ्या पायाशी आली. मी खाली बघितलं. तेवढ्यात साहेबाचा खांदा छातीत. शंभर किलोचा माणूस! मी कडेच्या फळ्यांवर आदळलो, आणि पडता पडता माझा पाय त्याच्या पायाला लागला. झालं. माझा हात आपोआप गेला. आधी त्याच्या पायाला, मग माझ्या छातीला. आईने लावलेली सवय. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा. पुस्तकाला लागला तरी करायचा. त्यात विचार नसतो, हात जातो.

आणि जो हशा पिकला! मारलं त्याने आणि पाया पडलो मी. असा गाढव कुणी बघितलाय? त्या दिवसापासून ते माझं नावच पडलं. फूट थिंग.

मार खायला मात्र मी शिकलो. गुडघे वाकवून ठेवायचे. मान वर. फळीपासून हातभर अंतरावर थांबायचं नाही. एक तर चिकटून राहायचं, नाही तर लांब. धक्का बसताना श्वास सोडायचा. हे मला कोचने नाही शिकवलं, माझ्या बरगड्यांनी शिकवलं. घरी फ्रिजला खांदा लावून ढकलायचो. आई ओरडायची, "अरे, पाडशील तो!" आणि ताटात आणखी एक अंडं वाढायची. महिन्याभरात माझं पडणं थांबलं. त्यांचं पाय पुढे करणं थांबलं नाही. आता साहेबाबरोबर बाकीचेही करायला लागले.

बाबा दर सरावाला मला सोडायला यायचे आणि बर्फाच्या कडेच्या दाराशी पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे. सगळं त्यांच्यासमोर चालायचं. एकदा गाडीत मी विषय काढला. म्हणाले, "वाकलास तर काय झिजणार आहे तुझं? साहेब मस्करी करतात. हसण्यावारी न्यावं."

हे बाबा म्हणाले! आजोबांनी पाटलाला जोहार घालायचं सोडलं म्हणून आपल्याला गाव सोडावं लागलं, हे ज्यांनी मला शंभर वेळा सांगितलं, ते बाबा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी "ओके, बाबा" म्हणून खिडकीबाहेर बघत बसलो. घरी मी इंग्रजीतच उत्तरं द्यायचो.

यादी लागायच्या आधीचा शेवटचा सराव. साहेब पक घेऊन फळीच्या कडेने आला. मान खाली! मी गुडघे वाकवले, श्वास सोडला आणि खांदा घातला. पूर्ण नियमातला धक्का. साहेब आडवा. आणि त्या गडबडीत माझा पाय त्याच्या नडगीला लागला.

सगळे थांबले. साहेब उठून बसला, हसला, आणि तोच पाय पुढे केला.

"यल्ला, कम ऑन. फूट थिंग."

माझा हात निघाला. लाज वाटते सांगायला, पण निघाला. अर्ध्यापर्यंत गेला. तिथे मी तो थांबवला. साहेबाला पाडायला लागली नव्हती एवढी ताकद हात थांबवायला लागली. मी दाराकडे बघून, बाबांकडे बघून ओरडलो, "चुकून नाही! मुद्दाम पाडलंय मी याला!" कुठून कोण जाणे, मराठीच आलं तोंडात.

"व्हॉट डिड ही से?" साहेबाने बाबांना विचारलं.

बाबा बाटली हातात धरून सरळ उभे राहिले. "ही इज सेइंग सॉरी, सर."

तीन महिन्यांत इतका मार खाल्ला, पण असा नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. साहेबाकडे वळून म्हणालो, "नो. आय ॲम नॉट." आणि बर्फावरून बाहेर आलो.

यादीत माझं नाव नव्हतं. "नॉट रेडी फॉर काँटॅक्ट," असं साहेबाने बाबांना सांगितलं. मला धक्का झेपत नाही म्हणे! स्केट्स बाबांनीच पिशवीत घालून साहेबाच्या केबिनमध्ये नेऊन दिली. घरी येऊन म्हणाले, "खलास. झालं समाधान?" मोठ्यांचा एकही सामना मी खेळलो नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही. तो साहेब गेला, दुसरा आला. बाबांचं "नो प्रॉब्लेम, सर" निवृत्त होईपर्यंत तेच राहिलं. त्या टीममधल्या कुणाला मी आठवत असलोच, तर पाया पडणारा इंडियन मुलगा म्हणूनच आठवत असेन.

पाय लागला की मी आजही वाकतो. ऑफिसात फरशी पुसणाऱ्या बाईला लागला तरी वाकतो. चूक माझी असते, हात जातो, जाऊ दे. पण कुणी पुढे केलेल्या पायाला हा हात लागणार नाही. आणि माझं बोलणं कुणी 'सॉरी' करून पुढे सांगितलं, तर ते मी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर खोडून काढणार. सांगणारा माझा बाप असला तरी.