आवाजकाकांचा ढोल

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे आवाजकाका म्हणतात. परदेशी सिनेमा मराठीत डब होताना मूळ संवादांबरोबर मागचे आवाजही पुसले जातात. दारं, पावलं, नळ. ते काका नव्याने तयार करतात. त्यामुळे ते कधी कोणाची चप्पल मागतील याचा नेम नसतो.

गेल्या महिन्यात त्यांनी माझं शिलाई मशीन मागितलं.

"धड परत येईल ना?"

"वहिनी, मला फक्त त्याचा आवाज हवाय."

सिनेमा आफ्रिकेतल्या एका शहरातला. माझी लेक चार महिन्यांपासून त्याच शहरात नोकरीला आहे, म्हणून मीही मशीनसोबत स्टुडिओत गेले.

पडद्यावर एक शिंपीण होती. गणवेश शिवायची, गाळ्यावरून भावाशी भांडायची आणि आरशासमोर उभी राहून भांडणातली उत्तरं पाठ करायची. मीही करते! जन्मभर पाहिलेल्या गोऱ्यांच्या सिनेमांत तिथली माणसं एक तर पळत असत, नाही तर नाचत. उत्तरं पाठ करणारं कोणी भेटलंच नव्हतं.

तेवढ्यात स्टुडिओचे मालक आले. "ढोल कुठाय? 'आफ्रिका' फाइल टाका की."

"हिच्या गल्लीत ढोल नाही, साहेब."

"मग प्रेक्षकाला आफ्रिका कळणार कशी? उद्यापर्यंत टाका, नाहीतर दुसरा माणूस बघतो. तुमच्यावाचून काही अडत नाही."

ते गेल्यावर काका म्हणाले, "ती फाइल माझीच, वहिनी. बावीस वर्षांपूर्वी एका परदेशी साहसपटासाठी आपल्या गच्चीवरचं रिकामं पिंप बडवलं होतं. रातकिडे मागच्या गटारातले. तेव्हापासून आफ्रिका दिसली की सगळे तेच लावतात. मी तिथे कधी पाऊलही टाकलेलं नाही."

"मग खरं काय वाजतं तिथे?"

"तुमच्या लेकीला विचारा ना."

मी फोन लावला.

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. फोन खिडकीबाहेर धर."

"वेड लागलंय का तुला?"

"धर गं!"

दुचाकी गेली. कोणीतरी पत्रा ठोकत होतं. दोन बायका कडाकडा भांडत होत्या.

"कोण गं त्या?"

"वरची आणि खालची. कपड्यांच्या दोरीवरून. रोजचंच."

चार महिने मी तिला फक्त पाणी उकळून पितेस ना, एवढंच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी मालकांना आरशाचा प्रसंग आधी ढोल घालून दाखवला.

मालक दचकले. "हिला कोणी मारायला येतंय का?"

"कोणी नाही. ढोल आहे."

मग तोच प्रसंग, ढोलाऐवजी फोनवर ऐकलेली गल्ली, माझं मशीन आणि बायकांचं भांडण घालून. मालक खो-खो हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "बरं, सिनेमात नको. जाहिरातीत मात्र राहणार."

"मग जाहिरातीवर माझं नाव नको."

सिनेमा लागून दोन आठवडे झाले. पुढच्या कामाबद्दल मालक अजून काही बोललेले नाहीत. काकूंना धास्ती आहे, मलाही. काका मात्र काल विचारत होते, लेकीच्या ऑफिसची खिडकी कुठल्या बाजूला उघडते म्हणून.