दगडाची वाळू

थोरल्याचं डोकं सकाळीच फिरलं होतं. दवाखान्याच्या दाराशेजारी भिंतीत बसवलेल्या बगळ्यांच्या दगडी पाटीवर कोणीतरी ॲसिड ओतलं होतं. दोन बगळ्यांच्या माना गेल्या होत्या आणि खाली फरशीवर मूठभर वाळू पडली होती.

ती पाटी त्याच्या धाकट्या भावाने कोरलेली. बिचाऱ्याचा सगळा जन्म लोकांचे उंबरे आणि पायऱ्या घडवण्यात गेला, आणि लोकांनी ते तुडवून गुळगुळीत केले. शेवटच्या आजारात धापा टाकत त्याने एवढी एकच पाटी मनासारखी पुरी केली. भाऊ गेला, आता पाटीही चालली.

"कोणाचे हात सडले होते रे?" थोरला पहारेकऱ्यावर धावून गेला.

"मला काय माहीत? मी औषधं राखतो. दगड काय पळून जाणार आहे?"

"तुझी अक्कल गेलीय ना पळून!"

"अहो, पण दगडाला ॲसिडनं काय होतंय?"

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगड म्हणजे दगड, असं म्हणणाऱ्यांची त्याला चीड होती. अरे बाबा, हा दगड म्हणजे वाळूच! डोंगर फुटतो, त्यातलं मऊ असेल ते पाण्यात झिजून जातं आणि गारगोटीचे टणक कण तेवढे मागे राहतात. नदी ते थरावर थर टाकत जाते. वरचा थर खालच्याच्या छातीवर बसतो आणि फटीफटीतून चुन्याचं पाणी झिरपून कणाला कण चिकटवतं. माणूस जन्मालाही आला नव्हता तेव्हापासून हे चाललेलं, तेव्हा कुठे बगळे कोरण्याजोगा दगड तयार होतो. ॲसिड गारगोटीला धक्का लावत नाही, ते मधला चुना खातं. चुना गेला की सगळी परत वाळू. एवढं सगळं त्याने पहारेकऱ्याला एका दमात सुनावलं, मधे तीन शिव्या घालून. पहारेकरी गुपचूप आत सटकला.

थोरला तणतणत आपल्या दगडाच्या कारखान्यात गेला आणि चुन्याच्या निवळीची बादली आणि ब्रश घेऊन धावतच परत आला. साध्या पाण्याने ॲसिड धुऊन ही निवळी ब्रशने पुन्हा पुन्हा मुरवली, तर सुटलेले कण थोडे तरी धरून राहतात. गेलेल्या माना गेल्या, पण उरलेले पाच बगळे वाचले असते.

धाकट्याची बायको याच दवाखान्यात साफसफाईला होती. ती फडकं घेऊन दारात आली.

"शिव्या पुरे, भावजी. मी ओतलं."

"तू? वेड लागलंय का तुला? अगं, त्याच्या हातची शेवटची वस्तू ती!"

"म्हणूनच. आज पाहुणे येणार, पाटी घासून लख्ख कर म्हणाले मला. येणारा-जाणारा म्हणतो, काय जिवंत दगड आहे! आणि माझा माणूस? याच दारातून खोकत आत गेला आणि आडवा बाहेर आला. फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, म्हणाले डॉक्टर. ती कोणत्या ॲसिडनं धुवायची होती, सांगा ना मला."

"धूळ काय त्याच्या एकट्याच्याच नाकात गेली? मीही जन्मभर तीच खाल्ली."

"तुम्ही लांब बसून रेघा आखायचात. छिन्नी तो चालवायचा, नाक दगडाला लावून. पाणी मारत घडवतो, धूळ उडणार नाही, म्हणाला होता ना? तुम्ही पायानं बादली उलटवलीत. माझ्यासमोर."

"ओल्या दगडावर रेघ दिसत नाही," थोरला म्हणाला. वर्षानुवर्षं कामगारांना सांगून तोंडात बसलेलं वाक्य, ते आपसूक बाहेर पडलं. आपण काय बोललो हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तिचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं दिराच्या नजरेला नजर न देणारी ती बाई दोन पावलं पुढे आली.

"त्याच्यासाठी एक बादली जड झाली तुम्हाला," ती म्हणाली. "दगडासाठी धावत आणलीत."

थोरल्याचा ब्रश हातात तसाच राहिला. तिने खाली वाकून ती वाळू फडक्याने गोळा केली आणि बाहेर नेऊन झटकली.