उलट्या पिळाचे पाच जॉइंट

१९९७ सालच्या ऑक्टोबरमधला एक सोमवार. आरोप वीस हजार रुपयांचा होता, पाच जणांचे प्रत्येकी चार हजार. ठाण्यात माझ्या टेबलासमोर नारायणगावच्या बाजारपेठेतले एक वीज ठेकेदार आणि त्यांचे मेहुणे बसले होते. दाराशी आमचे हवालदार उभे होते. पुढे मी पुष्कळ मोठे गुन्हे हाताळले, पण तो सोमवार आणि त्यानंतरचे पाच दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यात उपनिरीक्षक होतो. वायरमनच्या सरकारी परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तिचा निकाल नुकताच लागला होता. आमच्या हद्दीतले पाच तरुण पास झाले होते आणि ठेकेदारांचे मेहुणे नापास. मेहुण्यांचे काम कुठे चुकले ते पाहायला ठेकेदार परीक्षा केंद्रावर गेले. तिथे प्रात्यक्षिकात केलेले तारांचे जॉइंट बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले होते.

"साहेब, पाच जॉइंट एकाच हाताचे आहेत," ठेकेदार म्हणाले. "पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात. तारेवरचा पीळ बघून सांगतो मी. या पाचांच्या जागी एकच पटाईत माणूस बसलाय. चार-चार हजार घेतले म्हणे त्यानं."

"म्हणे म्हणजे? कुणी पाहिलं?"

"बाजारात बोलतात."

"बाजार तर रोजच बोलतो भाऊ," हवालदार दारातून म्हणाले. "टोमॅटोचा भाव पण बाजारच बोलतो. संध्याकाळी निराळाच निघतो."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली. पैशाची बाब ऐकीव होती, पण जॉइंट ही वस्तू होती, आणि वस्तू तपासता येते. केंद्रावर जाऊन पंचांसमक्ष सगळे तुकडे पाहिले. जाड तांब्याच्या दोन तारांची टोके एकमेकांना लावायची, त्यांवर बारीक तार घट्ट गुंडाळायची आणि वरून सोल्डर, म्हणजे वितळवलेले कथील द्यायचे, असे ते काम. चोवीस तुकडे होते. एकोणीस तुकड्यांवरची बारीक तार एका दिशेने फिरली होती, पाचांवर बरोबर उलट दिशेने. उलटे पाच तुकडे आमच्याच पाच उमेदवारांचे निघाले. ठेकेदारांची नजर खोटी नव्हती.

परीक्षकांचा जबाब घेतला. ते म्हणाले, "आम्ही घट्टपणा बघतो, वेढे बघतो, सोल्डर आत उतरलंय का ते बघतो. दिशा कोणती ते बघत नाही. दोन्हीही चालतात." उमेदवारांचे चेहरे त्यांना आठवत नव्हते. हजेरीपटावरच्या सह्या जुळत होत्या, पण तोतया बसवणारा सहीचाही सराव करून घेतो, हे मला माहीत होते.

त्याच दिवशी पाचही परवाने चौकशी होईपर्यंत थांबवण्यात आले. मंगळवारी सकाळी पाचांपैकी एक उमेदवार आपणहून ठाण्यात आला. बोरी बुद्रुकचा, वय चोवीस, बौद्ध कुटुंबातला. एका दूध शीतकरण केंद्रात वायरमनची जागा निघाली होती आणि निवड यादीत त्याचे नाव पहिले होते. शनिवारपर्यंत परवाना दाखवला नाही तर दुसऱ्या नावाला बोलावणार होते. तीन वर्षे त्याने तशा जागेची वाट पाहिली होती.

"सायेब, पेपर मीच लिवला, जॉइंट मीच केला. अजून काय सांगू?"

"सांगू नकोस. करून दाखव."

हवालदारांनी दुकानातून तार आणि पक्कड आणवली. त्याला मागच्या खोलीत बसवले. माझा हिशेब असा होता की तोतया बसला असेल तर याला जॉइंट जमणार नाही, आणि जमला तरी पीळ उरलेल्या एकोणीस तुकड्यांसारखा येईल. त्याने तार ताणून सरळ केली, टोके घासली आणि न थांबता वेढे घातले. हवालदार वाकून बघत होते.

"काय राव, कासार बांगड्या भरतोय जणू."

जॉइंट पक्का होता आणि पीळ उलटा होता. मी त्याला जबाबावर सही करायला सांगितले. सही त्याने उजव्या हाताने केली.

"कुणाकडून शिकलास?"

"असंच. बघून बघून."

"कुणाचं बघून?"

त्याने पेन टेबलावर ठेवले. दुपारपर्यंत उरलेले चारही आले. एक लांबच्या मढ गावचा होता, तो पहिल्या एस.टी.ने निघाला होता. त्यांना एकमेकांशी बोलू न देता एकेकाकडून जॉइंट करून घेतला. पाचही जॉइंट चांगले आणि पाचही उलटे. गुरूचे नाव विचारले की पाचही जण खाली बघत आणि तेच तीन शब्द सांगत, बघून बघून शिकलो. इथे माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. हात खरे बोलत होते आणि तोंड काहीतरी झाकत होते.

मी ठेकेदारांना बोलावून नवे तुकडे दाखवले. ते आपल्या म्हणण्यावरून हलले नाहीत. "निकाल लागून दोन आठवडे झालेत साहेब. बोभाटा झाल्यावर त्या तोतयानंच यांना हा पीळ शिकवला असेल. पंधरा दिवसांत माकडसुद्धा शिकेल."

आक्षेप बरोबर होता. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही हेच म्हटले असते. वरिष्ठांनीही फोनवर तेच सांगितले, "गुन्हा दाखल करा नाहीतर अर्ज निकाली काढा, लोंबकळत ठेवू नका." म्हणजे आता परीक्षेच्या आधीचा पुरावा हवा होता.

बुधवारी मी बोरीच्या उमेदवाराला पुन्हा बोलावले आणि विचारले, "परीक्षेच्या आधी तू केलेलं काम कुठे आहे? जुनं, जे आज बदलता येणार नाही?"

त्याला प्रश्न लगेच समजला. चेहरा उतरला.

"हाय सायेब. पण ते दाखवलं तर दुसरा गुन्हा लागंल ना? तवा परवाना नव्हता माझ्याकडं."

मी त्याला खोटे आश्वासन दिले नाही. विनापरवाना काम केले असेल तर ते अहवालात लिहावे लागेल, त्यावर वीज निरीक्षक काय ते ठरवतील, असे सांगितले. दोन्ही बाबी किती गंभीर आहेत तेही समजावले. विनापरवाना कामाबद्दल ताकीद मिळू शकते, दंडही होऊ शकतो. तोतया बसवल्याचे सिद्ध झाले तर परवाना, नोकरी आणि पुढची सगळी वर्षे जातात.

हवालदारांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो पाणी प्यायला आणि त्याने तोंड पुसले.

"चला."

बोरीत एका वयस्कर शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटारीची खोली होती. मोटारीपासून जमिनीत गेलेली अर्थिंगची तांब्याची तार मध्ये एका ठिकाणी जोडलेली होती. दोन पंच, ते शेतकरी आणि आम्ही असे सगळे आत शिरलो. हवालदारांनी नीट दिसावे म्हणून तारेकडे हात केला.

"हवालदारभाऊ, थांबा," उमेदवार म्हणाला. "आदी मेन पाडू द्या."

"अर्थिंग तर हाय. तिच्यात कुठं करंट असतो?"

"नसतो. पण नसतो म्हणूनच मानसं हात लावत्यात."

त्याने मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातला आणि मग आम्हाला पुढे येऊ दिले. जॉइंटवरच्या बारीक तारेचा पीळ उलटा होता. तांब्यावर हिरवट काळा थर चढला होता आणि वेढ्यांच्या खाचांत माती घट्ट बसली होती. असा थर पंधरा दिवसांत चढत नाही. हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती, घरातली जुनी भांडी पाहिलेल्या कोणालाही ते कळले असते. दोन्ही पंचांनी तसे सांगितले आणि मी ते त्यांच्याच शब्दांत पंचनाम्यात घेतले.

"हे काम कधीचं?" मी शेतकऱ्यांना विचारले.

"दोन पावसाळं झालं की. लई झ्याक केलंय पोरानं. मोटारीला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्या बंद झाल्या." मग ते जॉइंटकडे बघून हसले. "मिस्त्रीचं वळण गेलं नाय मात्र. डावरा हाय ना त्यो मिस्त्री. त्याची समदी पोरं असाच उलटा पीळ घालत्यात."

उमेदवाराने डोळे मिटून घेतले. मी विचारले, "कोण मिस्त्री?"

शेतकऱ्यांना कळेना की आपण काय चुकीचे बोललो. "वारूळवाडीचं मिस्त्री. का वो? काय झालं?"

निघताना उमेदवाराने खिशातला फ्यूज परत बसवला. परतताना जीपमध्ये तो म्हणाला, "त्यांच्याकडं परवाना नाय सायेब. नाव घेतलं असतं तर त्यांचं काम बंद झालं असतं. आमी पाचांनी ठरवलं व्हतं, काय बी झालं तरी नाव घ्यायचं नाय."

गुरुवारी मिस्त्री ठाण्यात आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. खुर्चीवर नीट टेकलेही नाहीत.

"मी कुणाला शिकवलं न्हाई सायेब. पोरं येत्यात, जात्यात."

मी वाद घातला नाही. नोंदवही पुढे केली आणि आल्याची सही करायला सांगितले. त्यांनी पेन डाव्या हातात धरले. मग मी कपाटातून परीक्षेतले पाच तुकडे काढून त्यांच्यासमोर ओळीने ठेवले.

त्यांनी एक तुकडा उचलला, फिरवून पाहिला, ठेवला आणि दुसरा उचलला.

"ह्ये परीक्षेतलं हायेत?"

"परीक्षेतलेच. चिठ्ठ्या बघा."

"असाच पीळ घातला तिथं? गाढवांनो." हे शेवटचे समोर नसलेल्या मुलांना होते. "दहादा सांगितलं व्हतं, तिथं सुलट घाला. आनि मला येऊन सांगितलं, व्हय मिस्त्री, सुलटच घातला."

"हात सवयीनंच गेला असेल," मी म्हणालो.

"आनि तरी पास?"

"पाचही पास."

मिस्त्रींनी हातातला तुकडा ओळीत परत ठेवला. मग बोलायला लागले. तरुणपणी ते स्वतः या परीक्षेला बसले होते आणि नापास झाले होते. शेजारच्या टेबलावरचा एक उमेदवार म्हणाला होता, तुझा पीळ उलटा आहे, तुला कोण पास करणार. तेच त्यांनी खरे धरले. उजव्या हाताने करून पाहिले, पण जॉइंट ढिला येई. पुन्हा अर्ज केला नाही. ते खरोखर कशामुळे नापास झाले होते हे मला कळू शकले नाही, निकालात कारण लिहीत नसत. परीक्षकांनी दिशेबद्दल काय जबाब दिला होता, तो मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"दोन्ही चालतात?"

"दोन्ही."

"च्यायला," ते हळूच म्हणाले, आणि लगेच, "माफ करा सायेब."

"मिस्त्री," हवालदार म्हणाले, "इथं याच्यापेक्षा लई वाईट ऐकतो आमी. चहा घ्या."

शिकवण्याचे पैसे मिस्त्रींनी घेतले नव्हते. पोरे त्यांच्या हाताखाली राबत, हाच मोबदला. चार हजारांचा आकडा कुठून निघाला हे मी ठेकेदार आणि त्यांच्या मेहुण्यांना स्वतंत्रपणे विचारले. दोघांनी दोन वेगळ्या चहाच्या टपऱ्या सांगितल्या. दोन्ही टपऱ्यांवर कुणालाच काही माहीत नव्हते.

उरलेल्या चौघांनीही आपली जुनी कामे दाखवली. मढला पंचनाम्यासाठी गेलो तेव्हा धुके इतके दाट होते की घर सापडेना, त्यात अर्धा दिवस गेला. शुक्रवारी संध्याकाळी अहवाल लिहून पूर्ण केला. तोतयेगिरी झालेली नाही, तक्रार गैरसमजातून झालेली आहे, गुन्हा दाखल करण्याचे कारण नाही. विनापरवाना कामाची बाब मी वगळली नाही, वेगळ्या परिच्छेदात लिहिली. वीज निरीक्षकांनी पुढे पाचांना आणि मिस्त्रींना लेखी ताकीद देऊन ती मिटवली. शनिवारी सकाळी परवाने मोकळे झाले. बोरीचा उमेदवार परवाना घेऊन थेट शीतकरण केंद्रावर गेला आणि हजर झाला. हवालदारांनी मला ते सांगितले तेव्हा खांद्यावरचे ओझे कुणीतरी उतरवून घ्यावे तसे वाटले. गुन्हा उघडकीस आणल्याचे समाधान मला नोकरीत अनेकदा मिळाले. गुन्हा झालाच नव्हता हे सिद्ध केल्याचे समाधान क्वचित मिळाले, आणि ते जास्त टिकले.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एकसारखे काम दिसले की ते एकाच माणसाचे असेल असे आपण धरतो, पण ते एकाच शाळेचेही असू शकते. पुढे दरोड्याच्या तपासातही मला याचा उपयोग झाला. दुसरी गोष्ट म्हणजे, चौकशीत गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःला वाचवत असतो असे नाही. गप्प बसण्यात त्याचे नुकसान होत असेल, तर तो कुणाला वाचवतो आहे ते शोधावे.

ठेकेदारांना मी अहवालाची माहिती दिली तेव्हा त्यांनी टेबलावरचा एक तुकडा उचलून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "पीळ मी बरोबर ओळखला होता साहेब."

"बरोबर ओळखला होता. माणूस चुकला."

"त्या मिस्त्रीला माझ्याकडे पाठवा. माझ्या लायसनवर काम करू दे. परीक्षेला अनुभवाचा दाखला लागतो, तो मी देईन. पण आधी काम, मग दाखला."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे रीतसर काम केले आणि नियमाप्रमाणे दाखला मिळवला. परीक्षेला ते ठेकेदारांच्या मेहुण्यांबरोबर एकाच गाडीने गेले. दोघेही पास झाले. मिस्त्रींनी पीळ उलटाच घातला होता, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

परवान्याचे शुल्क भरायच्या दिवशी पाचही पोरे वर्गणी काढून आली होती आणि ठेकेदारांनीही पाकीट काढले होते. मिस्त्रींनी कुणाचेच घेतले नाही. "ऱ्हाऊ द्या रं," ते म्हणाले, "येवढं मला भरू द्या." खिडकीवर त्यांनी नोटा मोजून दिल्या. पूर्ण शुल्क सरकारी खात्यात जमा झाले आणि पावतीवर भरणाऱ्याच्या जागी मिस्त्रींनी स्वतःची सही केली.